सारंगच्या खेळासाठी

सारंगने बॅटची लांब पिशवी गाडीच्या मागच्या सीटवर आडवी ठेवली, तिच्यावर कोटाची घडी टाकली आणि पुढे येऊन बाबांच्या शेजारी बसला. त्सुकुबा स्टेशनसमोर पाच मिनिटांपेक्षा जास्त गाडी थांबवता येत नाही. त्याचे बाबा, गुणवंत, वीस मिनिटं थांबले होते, आणि त्याबद्दल पहारेकऱ्याची दोनदा माफी मागून झाली होती.

"टाय काढ," ते म्हणाले. "गळा आवळल्यासारखा दिसतोस."

सारंगने टाय काढून खिशात कोंबला. संघाच्या कचेरीत सूट घालून यायला सांगितलं की तिथे काय ऐकायचं आहे, हे जपानमधल्या प्रत्येक व्यावसायिक बेसबॉल खेळाडूला ठाऊक असतं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कुणी फोनकडे बघत नाही आणि कुणी फोनपासून दूरही जात नाही. त्याला काल दुपारी फोन आला. आज सकाळी दहा वाजता दोन माणसांनी, उठून उभं राहून, त्याला सांगितलं की पुढच्या मोसमासाठी संघ त्याच्याशी करार करणार नाही. सारंगने कमरेत वाकून सात वर्षांबद्दल त्यांचे आभार मानले. बाहेर येऊन घड्याळ पाहिलं, तर दहा वाजून सात मिनिटं झाली होती.

"आईला काय सांगितलंत?"

"तू येतोयस, एवढंच. ती वांग्याची भाजी करतेय."

गाडी घराच्या दिशेने वळायला हवी होती. गुणवंतांनी ती सरळ नेली. सारंगने विचारलं नाही. रुंद, सरळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संशोधन संस्थांच्या इमारती मागे जात होत्या आणि तो त्यांच्याकडे पाहत होता.

तो पाच वर्षांचा असताना हे कुटुंब पुण्याहून इथे आलं. गुणवंत मातीचे अभ्यासक. शेतीच्या संस्थेत तीन वर्षांसाठी आले आणि राहिले. सारंगची आई, सिंधू, पुण्यात कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिने आधी बिनपगारी रजा घेतली, मग ती वाढवली, मग राजीनामा पाठवला. सारंग शाळेतल्या मुलांबरोबर बेसबॉल खेळू लागला. पुण्याहून कुमुदिनी आत्या फोनवर विचारायची, "म्हणजे क्रिकेटसारखंच ना?" सिंधू म्हणायची, "हो, तसंच." समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. तो शॉर्टस्टॉप होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेत उभं राहायचं आणि जमिनीवरून सरपटत, उसळत येणारा चेंडू उचलून फेकायचा, हे त्याचं काम, आणि ते त्याला बोलण्याहून आधी यायला लागलं असावं, असं त्याचे प्रशिक्षक म्हणत.

२०११च्या मार्चमध्ये भूकंप झाला तेव्हा तो शाळेच्या मैदानावर सराव करत होता. सोळा वर्षांचा होता. जमीन ओल्या चादरीसारखी हलली आणि तो ग्लव्ह छातीशी धरून पालथा पडून राहिला. त्या आठवड्यात घरात पाणी नव्हतं. फुकुशिमाच्या अणुभट्टीच्या बातम्या येत होत्या. टोक्योच्या ओजिमा भागात राहणारी त्यांच्या ओळखीची चार मराठी कुटुंबं मिळेल त्या विमानाने परत गेली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचं पत्र फेब्रुवारीतच आलेलं होतं. गुणवंतांना प्राध्यापकाची जागा देऊ केली होती. सिंधूने तीन बॅगा भरल्या.

तेव्हा जेवणाच्या टेबलाशी गुणवंत म्हणाले होते, "सारंगचं काय? त्याला आता इथून उपटलं, तर त्याचा खेळ संपला."

सिंधूने मुलाकडे पाहिलं. "तुला काय वाटतं?"

"इकिताकुनाइ," तो म्हणाला. जायचं नाही. मराठीत ते म्हणायला त्याची जीभ रेटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बॅगा रिकाम्या झाल्या. पुण्याला कळवलं गेलं: सारंगच्या खेळासाठी राहतोय. पुढची आठ वर्षं हेच वाक्य घरात वापरात राहिलं. सिंधूची आई, लीलावती, पुण्यात आजारी पडली आणि सिंधू पोचायच्या आदल्या दिवशी गेली, तेव्हाही नातेवाइकांना हेच सांगितलं गेलं. सारंगने ते दुसऱ्या खोलीतून ऐकलं होतं.

शाळा संपताच एका व्यावसायिक संघाने त्याला घेतलं. रिवाजाप्रमाणे आधी दुसरा संघ. तो गावाबाहेरच्या मैदानावर, भर दुपारी, दोन-तीनशे लोकांसमोर खेळतो. ज्यांचे सामने टीव्हीवर दिसतात तो पहिला संघ, त्याला सगळे 'वर' म्हणतात. दुसऱ्या संघात सारंगचं नाव झालं. तिथलं मैदान काळ्या मातीचं होतं. गुणवंत पहिल्यांदा पाहायला आले तेव्हा सामना संपल्यावर त्यांनी चिमूटभर माती बोटांत चोळली आणि म्हणाले, "वाळू जास्त आहे. पाऊस पडून गेला की चेंडू कमी उसळेल." तसंच व्हायचं. २०१६ साली दुसऱ्या संघांच्या स्पर्धेत फलंदाजीच्या सर्वांत चांगल्या सरासरीचा मान त्याला मिळाला, २०१८ला पुन्हा मिळाला. तरुण खेळाडू त्याच्या पायांची ठेवण बघायला मागे येऊन उभे राहत.

वर तो दोनदा गेला. २०१७ला नऊ सामने, आणि या वर्षी चार. वरचं मैदान छताखालचं, कृत्रिम गवताचं. त्यावर चेंडू अर्धा ठोका आधी येतो. पहिल्या खेपेच्या नवव्या सामन्यात, आठव्या डावात, तसा एक चेंडू त्याच्या ग्लव्हच्या टोकाला लागून मागे गेला आणि समोरच्या संघाचे दोघं धावत घरच्या बेसवर पोचले, दोन धावा गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला खाली पाठवण्यात आलं. फलंदाजीला तो दोन्ही खेपा मिळून एकोणीस वेळा उभा राहिला. दोनदाच तो फटका मारून बेसवर पोचला. त्यातला एक तर कसाबसा घरंगळला होता आणि तो केवळ पळाला म्हणून वाचला.

गुणवंतांनी संस्थेच्या प्रायोगिक शेतांजवळ गाडी थांबवली. भाताची कापणी झालेली होती. धसकटांच्या रांगा आणि त्यांच्या टोकाला लावलेल्या पांढऱ्या पाट्या तेवढ्या दिसत होत्या. ते उतरले, बांधावर गेले. सारंग बुटांकडे बघत मागून आला. सुटाबरोबर घालायचे काळे बूट होते.

"त्यांनी मला राहायला सांगितलंय," सारंग म्हणाला. "खेळाडू म्हणून नाही. सरावात फलंदाजांना चेंडू टाकायचे. आठवड्याभरात उत्तर द्यायचंय."

"तुला करायचंय?"

"माहीत नाही." तो थांबला. "तुम्ही इतकं सगळं सोडलंत, आणि मी शेवटी सरावाचे चेंडू टाकणार. ते बरं दिसेल का, असा विचार करत होतो गाडीत."

गुणवंतांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला. पुन्हा घातला नाही.

"तुला एक सांगायचं होतं. आज सांगावं की नाही, कळत नाही. पण आज नाही सांगितलं तर तू याच हिशेबाने पुढचं ठरवशील." ते शेताकडे पाहत बोलत होते. "आपण तुझ्यासाठी राहिलो नाही, सारंग. मी माझ्यासाठी राहिलो."

सारंगने बांधावरचं एक ढेकूळ बुटाने बाजूला सारलं.

"चिकणमातीचे बारीक कण किरणोत्सारी सीझियम कसं धरून ठेवतात, यावर मी बारा वर्षं काम करत होतो. कोणाला त्याचं काही पडलेलं नव्हतं. परिषदेत मी बोलायला उभा राहिलो की लोक चहाला जायचे. आणि त्या मार्चमध्ये एका आठवड्यात सगळा देश तेच विचारायला लागला. ते किती खोल जाईल, वरची किती माती काढावी लागेल, भात पुन्हा कधी लावता येईल. मला फुकुशिमाहून फोन आला तो बॅगा भरल्या त्याच दिवशी. मी जिन्यात जाऊन बोललो."

"मग आईला तसं का नाही सांगितलं?"

"काय सांगणार होतो? तिकडे लोकांची गावं गेली आणि इकडे मला आनंद झालाय, असं? झाला होता, सारंग. मला त्याची लाज वाटत होती, म्हणून मी तुझं नाव पुढे केलं. एकदाच करायचं म्हणून केलं. मग ते तसंच चालत राहिलं."

लांबून सायकलवरून कुणी बाई गेली. तिने ओळखून मान लववली, गुणवंतांनीही लववली.

सारंग बांधावर बसला. पँट खराब होईल हे त्याच्या लक्षात आलं, पण तो उठला नाही. त्याला राग येईल असं वाटलं होतं, आणि तो आलाही, पण नेमका कशावर ते ठरेना.

"मी वर गेलो की घाबरायचो, बाबा. खाली कधीच नाही. वर बॅट घेऊन उभा राहिलो की आई दिसायची. त्या बॅगांतले कपडे परत कपाटात लावताना."

"हं," गुणवंत म्हणाले. "मग मीच तुझं—"

"नाही." सारंगने मान हलवली. हे तो स्वतःशीही आत्ताच पहिल्यांदा बोलत होता आणि त्याला ते खोटं व्हायला नको होतं. "ओझं नसतं तरी तो चेंडू हळू आला नसता. वरच्या गोलंदाजांचा वेग मला दिसायचाच उशिरा. खाली तसे गोलंदाज दोन-तीनच असतात, म्हणून खाली माझं भागत होतं. दुसऱ्या खेपेला मला ते कळलं होतं. कुणाला सांगितलं नाही, एवढंच."

मग सारंग उठला, पँट झटकली आणि म्हणाला, "आईला तुम्ही सांगा."

"सांगतो. मार्चमध्ये मी निवृत्त होतोय. संस्थेने आणखी पाच वर्षांसाठी विचारलंय. मी अजून 'नाही' म्हटलेलं नाही."

"हेही सांगा."

घरी सिंधूने दार उघडलं, मुलाचा चेहरा पाहिला आणि त्याच्या हातातली बॅटची पिशवी घेऊन आत भिंतीशी नीट उभी केली. जेवायला बसेपर्यंत तिने काही विचारलं नाही. वांग्याची भाजी, पोळ्या, भात, आणि सारंगला लहानपणापासून आवडणारं मिसो सूप. गुणवंत दोनदा घसा खाकरून दोनदा पाणी प्यायले.

"संपलं, आई," शेवटी सारंगच म्हणाला. "आज सांगितलं त्यांनी."

"कळलं मला. दारात सुटाची पँट आणि काळे बूट पाहिले तेव्हाच." तिने त्याच्या ताटात पोळी वाढली. "फार वाईट वाटलं का रे?"

"तिथे नाही वाटलं. गाडीत वाटलं."

ती मान हलवत राहिली. मग विचारलं, "आणि पुढे?"

"चेंडू टाकायचं काम देतायत. मी घेणार आहे." बांधावर त्याने हे ठरवलं नव्हतं, बोलता बोलता ठरलं. "मला मैदानावर राहायचंय. मला आवडतं म्हणून. तुम्ही दोघं पुण्याला गेलात तरी मी इथे राहीन. माझ्यासाठी थांबू नका."

सिंधूने चमचा भाजीच्या भांड्यात ठेवला. बराच वेळ ती मुलाकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. बसची वाट बघून पाय दुखलेल्या माणसाला लांबून बस दिसावी, तसं काहीतरी होतं.

"तुझ्यासाठी कोण थांबलं होतं?" ती शांतपणे म्हणाली. "त्या दिवशी हे जिन्यातून फोन ठेवून वर आले, तेव्हा मी दारातच उभी होते. इतके खुशीत मी यांना लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं."

गुणवंतांचा हात ताटावरच थांबला.

"सिंधू, मग तू इतकी वर्षं—"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले." तिने पदराला हात पुसले, खुर्ची थोडी त्यांच्याकडे वळवली. सारंग उठू लागला तर तिने त्याच्या मनगटावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. "तू बस. जेव. बोला, मी ऐकतेय."