डाव्या कानाची निळी फुली

ठमीनं लाल ठोकळा गालाशी धरला होता. समोर डबा होता. खेळ तिला पाठ होता: कानात टुंग वाजलं की ठोकळा डब्यात टाकायचा. उजव्या कानाला तिनं सटासट टाकले होते. डाव्याची पाळी आली आणि ठोकळा गालालाच चिकटला.

"आई, दाब ना!"

"दाबतेय गं."

"कुठं दाबतेयस? फसवतेस उगाच."

आईनं बटण दाबूनच धरलं होतं. नव्वद डेसिबल, कानठळ्या बसतील इतका आवाज. उजव्या कानात वाफेसारखा फुसफुसाट सोडला होता, म्हणजे तो कान डाव्याला चोरून मदत करणार नाही. शाळाशाळांत जाऊन मुलांचे कान तपासणं हेच तिचं काम. मुलं तिला कानवाल्या बाई म्हणायची, श्रवण केंद्रातले लोक नुसतंच कानवाली. आठ वर्षांत तिनं हजारो आलेख काढले होते, उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली, खूण जितकी खाली तितकं कमी ऐकू येतं. आज लेकीच्या आलेखावर निळ्या फुल्या पार तळाशी जाऊन बसल्या, गाळासारख्या.

तीन आठवड्यांपूर्वी पाच वर्षांच्या ठमीला गालगुंड झालं होतं. ताप आला, गेला. केंद्र चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आलेख पाहिला आणि चष्मा काढला. "होतं असं, हजारो मुलांत एखाद्याला. नसच जाते. उजवा ठणठणीत आहे, पोरगी शिकेल, भांडेल, सगळं करेल. पण हा कान परत यायचा नाही."

कानवालीनं मान हलवली. तिच्या डोक्यात एकच शब्द रुतून बसला होता. डावा.

आठ महिन्यांपूर्वी एका शाळेत पहिल्याच तासाला तिच्या हेडफोनची वायर तुटली होती. बाहेर मुलांची रांग होती. पिशवीत दुसऱ्या यंत्राचा जोड होता, तिनं तो लावला. या कामात हे चालत नाही. हेडफोनचा प्रत्येक जोड आपापल्या यंत्राशी जुळवलेला असतो. दुसऱ्या यंत्राला लावला तर कोणाचाही चष्मा घालून वाचायला बसल्यासारखं होतं. तिला हे माहीत होतं. तिनं स्वतः ऐकून पाहिलं तर स्वर खणखणीत होता. खणखणीत होता हीच तर गोची. दोन दिवसांत त्रेसष्ट मुलं तपासून झाली, जवळजवळ सगळी पास.

मग दोन महिन्यांपूर्वी यंत्रं जुळवायला कॅलिब्रेशनवाला आला, तेव्हा तिनं त्याला तोच जोड त्याच यंत्राला लावून मोजायला सांगितलं. तिला राहवलं नाही. त्यानं आकडा पाहून शीळ घातली. "डावीकडं पंधरा डेसिबल जास्त फेकतोय की! असा कुठं वापरला नाहीत ना?"

"छे, सहज विचारलं," ती म्हणाली.

पंधरा डेसिबल म्हणजे फार नव्हे. पण ज्या मुलाला डावीकडून जरासं कमी ऐकू येतं ते मूल त्या दिवशी पास झालं असणार, आणि आता वर्गात 'लक्ष कुठंय तुझं' म्हणून बोलणी खात असणार. अशी किती मुलं? शून्यही असतील, पाचही असतील. हे तिला दोन महिने माहीत होतं. आणि आता तिच्या लेकीचा डावा कान गेला होता.

घरी दोन आज्या ठाण मांडून होत्या. नवरा कामासाठी बाहेरगावी असल्यानं दोघी ठमीसाठी आल्या होत्या. ठमीनं त्यांना नावं ठेवली होती: कानवालीची आई ती देवाची आजी, कारण ती चर्चला जायची आणि भांडी घासतानाही देवाशी बोलायची, सासूबाई ती श्वासाची आजी, कारण ती रोज सकाळी डोळे मिटून बसायची आणि विचारलं तर म्हणायची, श्वास बघतेय. एक ख्रिस्ती, एक बौद्ध. लग्नात दोघी एकमेकींशी फारशा बोलल्या नव्हत्या. आता एका ओट्यावर त्यांचं दिवसभर चालायचं.

संध्याकाळी कानवाली स्वयंपाकघरात आली तेव्हा सासूबाई दूध विरजत होत्या आणि आई लसूण सोलत होती.

"आई," ती उभ्याउभ्याच म्हणाली, "देव शिक्षा देतो?"

"देतो."

"चूक एकीची आणि शिक्षा तिच्या लेकराला, अशी?"

सोलणारे हात थांबले. "कोणाची चूक?"

"समजा गं. एखादीची."

"एखादीची म्हणजे तुझी," आई म्हणाली. "लहानपणी कप फोडलास तरी 'समजा कोणी कप फोडला' असंच सुरू करायचीस. काय केलंस?"

तिनं सांगितलं. ओट्याला टेकून, बोटांनी फरशीची रेघ गिरवत, वायर तुटल्यापासून 'सहज विचारलं'पर्यंत.

"देव एवढा खुजा नाही," आई शेवटी म्हणाली. "तुझ्यावर राग धरायचा आणि कान ठमीचा पिळायचा? पण तो रागावतो, हे खरं. आणि रागावतो म्हणून तर बरं. समोर कोणी आहे, त्याच्यापुढं गुडघे टेकता येतात, चुकले म्हणता येतं. तुमच्यात, विहीणबाई, माफी कोणाकडं मागायची?"

"आमच्याकडं कोणी रागावलेलंच नाही," सासूबाई म्हणाल्या. "रुसवा काढू कोणाचा?"

"मग मोकळंच रान की!"

"उलट. माफ करणारा नाही म्हणजे सुटका पण नाही. पेरलं ते उगवणार. या जन्मी नाही तर पुढच्या."

"आणि पुढच्या जन्मी जो असेल त्याला बिचाऱ्याला पत्ताही नसणार कशाबद्दल भोगतोय. हा कुठला न्याय?"

सासूबाईंनी चमचा वर धरला. "हे कालचं दही. यातलं चमचाभर दुधात घातलं. उद्याचं दही हेच का? नाही. याच्याशिवाय लागेल का? तेही नाही. आंबट काल होतं म्हणून उद्या आंबट. याला न्याय कशाला म्हणायचं?"

"दह्याला आत्मा नसतो, विहीणबाई."

"तेच तर म्हणतेय मी."

एरवी कानवाली हसली असती. "म्हणजे ठमीनं मागच्या जन्मी कोणाचे तरी कान..."

"गप!" सासूबाई एकदम कडाडल्या. "सगळंच कर्मानं होतं असं कोणी सांगितलं तुला? साथ होती. पलीकडच्या इमारतीतल्या चार पोरांना झालं. ताप हवेनं येतो, पाण्यानं येतो. कर्म म्हणजे मनातला हेतू. ते हेडफोन लावलेस तेव्हा मनात काय होतं?"

"रांग संपावी."

"आळस झाला. दुष्टावा नाही. आणि त्या माणसाला 'सहज विचारलं' म्हणालीस तेव्हा?"

कानवाली परत फरशीची रेघ गिरवायला लागली. आईनं लसणाची सालं गोळा केली. या एका जागी तिला विहीणबाईंशी भांडायला काही सापडलं नाही, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी केंद्रात तिचं कामात मन लागेना. तिनं कोऱ्या आलेखाच्या पाठीमागं तीन रकाने आखले, कॉलेजात प्रयोगाच्या वहीत आखायची तसे. शिक्षा. कर्म. योगायोग. कोणतं खरं असेल तर पुढं काय दिसायला हवं? शिक्षा असेल तर कबुलीनंतर ती उठायला हवी, निदान उठू शकावी. कर्म असेल तर कबुलीनं कान परत येणार नाही, पण खोटं वाढायचं थांबेल. योगायोग असेल तर ठमीच्या कानाचा आणि त्या मुलांच्या कानांचा काही संबंधच नाही. हा तिसरा रकाना सगळ्यात भक्कम होता. तिचं शिक्षण त्याच्याच बाजूनं होतं. तरी तो तिला पटेना, कारण तो तिला सोडून देत होता. ती उठली, पाणी प्यायली, परत बसली, परत उठली. मग तिला दिसलं की तिन्ही रकान्यांत ती मुलं तशीच बसली आहेत. रकाना कुठलाही निवडला तरी त्यांची पुन्हा तपासणी झालेली नव्हती.

तिनं कागद चुरगळला आणि डॉक्टरीणबाईंच्या खोलीचं दार ढकललं.

तिनं वायर तुटल्यापासूनचं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, "दोन महिने?"

"हो."

"ठमीचं झालं नसतं तर आली असतीस?"

ती खरं तेच बोलली. "माहीत नाही."

डॉक्टरीणबाईंनी एक कोरा कागद तिच्यापुढं सरकवला. "पत्र तू लिही. घरोघर जाईल, तुझ्या सहीनं, काय झालं ते सगळं. शाळेनं तुला दारात उभं केलं तर तपासायला तूच जा. वरून काय कारवाई होईल ते मला आत्ता सांगता येत नाही. मी झाकणार नाही."

"झाकू नका," कानवाली म्हणाली. हलकं वगैरे काही वाटलं नाही, फक्त भूक लागली.

आठवडाभरात शाळेचं बोलावणं आलं. निघायच्या आदल्या दिवशी तिनं ठमीला पुन्हा केंद्रात आणलं. आई म्हणाली होती, एवढ्यात कशाला. यंत्र तेच, जोड त्याच यंत्राचा, दोनदा पाहून लावलेला. कबुली दिली, आता शिक्षा उठतेय का ते बघायला आपण आलोय, हे तिला कळत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. तिनं डावीकडचं बटण दाबलं. नव्वद. शंभर.

ठोकळा गालालाच.

"आई," ठमी कंटाळून म्हणाली, "तू हरलीस. तुला दाबताच येत नाही."

"नाही येत," ती म्हणाली आणि फुल्या मारल्या, त्याच जागी.

शाळेत मुख्याध्यापिकेनं तिला चहा विचारला नाही. तपासणीसाठी कोपऱ्यातली नकाशांची खोली दिली. दारात तीन पालक हाताची घडी घालून उभे होते. एकानं तिच्या पत्राची घडी तिच्यापुढं धरली आणि परत खिशात घातली. तिनं आधी हेडफोन स्वतःच्या कानाला लावून एकेक स्वर ऐकला, मग जोडावरचा आणि यंत्रावरचा नंबर बाहेर उभ्या पालकांना दाखवला. मुलं एकेक करून आली. पहिली दहा व्यवस्थित. तिच्या मनात कुठंतरी शून्याची आशा डोकं वर काढायला लागली.

अकरावी एक वेणीवाली मुलगी होती. बसताना तिनं खुर्ची जराशी तिरपी केली, उजवा कान कानवालीकडं येईल अशी. कोणी सांगितलं नव्हतं, सवयीनं केली. उजव्या कानाला ठोकळे पटापट पडले. मग डावा. वीस डेसिबल, पास व्हायला एवढं ऐकू यावं लागतं.

मुलगी ठोकळा धरून वाट बघत राहिली. वर पाहिलं. "बाई, दाबा ना."

बटण दाबलेलंच होतं. कानवालीनं आवाज वाढवत नेला, पस्तीसला ठोकळा डब्यात पडला, आणि मुलगी खूश होऊन हसली. कानवालीनं निळी पेन्सिल उचलली, फुली मारली, आणि खुर्ची उचलून मुलीच्या उजव्या बाजूला नेऊन बसली.

"आता मी सांगते ते नीट ऐक," ती म्हणाली. "तुझं लक्ष नसतं असं नाहीये."