प्रतिक्षानं वाचलेला उतारा

“गुरुजी, पोरगी आणलीया,” म्हाळसाबाई स्वयंपाकखोलीच्या दारातून म्हणाल्या. “पण नाव इचारलं की सोताचंच सांगतीया. जरा दम भरा तिला.”

त्यांच्यामागं त्यांच्या बहिणीची नात स्वरूपा उभी होती. कालच कन्हेरीहून आणलेली. मी तिला बाजूला घेतलं आणि छत्तीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याच पोराला शिकवलं नव्हतं ते शिकवलं.

“आजच्या दिवस तुझं नाव प्रतिक्षा. चौथीत आहेस. कळलं?”

“आन खरी प्रतिक्षा?”

“ती मेंढरांमागं कोकणात गेलीय.”

“मग ती तितं काय नाव सांगती?”

पोरगी भलतीच आगाऊ होती. मी दटावलं आणि वर्गात नेऊन बसवलं.

बावड्याच्या पुढं, कालव्याच्या कडेला आमची वस्तीशाळा. दोन खोल्या, मी एकटा शिक्षक, आणि खिचडी शिजवायला म्हाळसाबाई. पटावर मुलं वीस. विसाच्या खाली पट गेला की शाळा बंद करून मुलं मोठ्या शाळेत धाडणार, अशी कुणकुण दोन वर्षं कानावर होती. मोठी शाळा तीन किलोमीटरवर बावड्याला, आणि मधला रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांचा. पहिलीतली शेंबडी पोरं त्या रस्त्यानं कशी जायची?

विसावी होती प्रतिक्षा, म्हाळसाबाईंची सख्खी नात. वस्तीवरची बाकीची घरं मेंढरं विकून शेतीला, कारखान्याला लागली होती. कळप उरला होता तो एकट्या लखनचा, म्हणजे प्रतिक्षाच्या बापाचा. दिवाळी झाली की तो कोकणात उतरायचा आणि पावसाच्या तोंडाला परत यायचा. पोरीला आजीजवळ ठेव म्हणून मी दरवर्षी त्याच्याशी भांडायचो. तो म्हणायचा, “मग धाकट्याला कोण सांभाळंल, गुरुजी?” पोरगी जायची, आणि मी सात महिने तिला रोज हजर मांडायचो. शाळेसाठीच करत होतो. खोटं कशाला बोलू, थोडं माझ्यासाठीही करत होतो. निवृत्तीला वर्ष उरलेलं असताना आपल्याच हातानं शाळेला कुलूप घालायची माझी छाती नव्हती.

अकराच्या सुमारास मुलांच्या वाचनाची पाहणी करायला बारामतीच्या संस्थेतून श्रेया मॅडम आल्या. वयानं माझ्या धाकट्या लेकीएवढ्या. हातात टॅब. खुर्ची दिली तर नको म्हणाल्या, मुलांबरोबर चटईवरच बसल्या. यादीतल्या प्रत्येक पोराकडून त्या चार ओळींचा उतारा वाचून घेणार होत्या, आणि कोण गैरहजर तेही वर कळवणार होत्या.

“एवढे आकडे जातात तरी कुठं, मॅडम?” मी सहज विचारलं.

“पुण्याला, तिथून दिल्लीला, मग पार परदेशात. दोन हजार तीसपर्यंत जगातलं प्रत्येक मूल वाचायला शिकलं पाहिजे, असं सगळ्या देशांनी ठरवलंय ना, गुरुजी. पैसे देणारे आकडे बघूनच पैसे देतात. तुमच्याकडं ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी जूनपासून एक ताई येईल. रोज तासभर फक्त त्यांनाच शिकवेल. म्हणून खरं तेच कळू द्या.”

स्वरूपाला बाहेर काढावं असं मनात आलं. पण तोवर त्यांनी हाक मारली होती, “प्रतिक्षा!”

स्वरूपा उठली आणि तिनं उतारा घडाघडा वाचून टाकला. मॅडमनी टाळ्या वाजवल्या आणि टॅबवर बोट टेकवलं. वीसपैकी वीस हजर. सहा जणांना वाचता येत नव्हतं. प्रतिक्षाला उत्तम येत होतं.

मॅडम गेल्यावर म्हाळसाबाई हात पुसत आल्या.

“शाळा ऱ्हायली न्हवं?”

“राहिली.”

“आमची प्रतिक्षा आस्ती तर अडली आस्ती बघा. जोडाक्षर आलं की तिची गाडी थांबतीया. ह्या पोरीनं वाचलं, आन मला आमची पोरगी आठवली.” मग त्याच म्हणाल्या, “जाऊ द्या. पोरीस्नी वाढते.”

जूनमध्ये मेंढरं परतली. प्रतिक्षा चौथी पास झालेली होती, मीच केली होती. आमची शाळा चौथीपर्यंतच, म्हणून ती पाचवीला बावड्याला जाऊ लागली. आमच्याकडं पहिलीत नवी पोरं आली, पट वीसवरच राहिला. त्या शाळेतही ताई आली होती, पण ताईकडं यादी होती. वाचता न येणाऱ्यांच्या यादीत प्रतिक्षाचं नाव नव्हतं. पोरगी वर्गात मागं बसायची आणि पुस्तक उघडून मान खाली घालायची. मी तिला रविवारी माझ्याकडं बोलावलं. दोन रविवार आली, तिसऱ्यांदा लाजून आलीच नाही.

शेवटी मी जाऊन ताईला भेटलो.

“प्रतिक्षाला वाचता येत नाही हो. तिला तेवढं घ्या.”

ताईनं मोबाईलवर बघितलं. “जानेवारीत तर छान वाचलंय तिनं. नोंद चुकली असेल तर तसं लिहून द्या, गुरुजी. त्या दिवशी कोणी वाचलं, तेवढं लिहा. मी वर पाठवते.”

तिनं कागद पुढं केला. मी पेन काढलं. लिहिलं असतं तर जानेवारीचे वीस खोटे ठरले असते, शाळा गेली असती, आणि माझी पेन्शन लटकली असती. मी पेन परत खिशाला लावलं. आयुष्यात इतका भ्याडपणा मी दुसऱ्यांदा केला नाही. एकदाच केला, तेवढा पुरला.

गणपतीनंतर प्रतिक्षानं शाळा सोडली.

दिवाळी झाल्यावर लखनचा कळप निघाला. वालचंदनगरच्या अलीकडं एका रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. मी गाडी काढून गेलो. मेंढरं कोंडायच्या वाघराच्या जाळीपाशी प्रतिक्षा कोकराला बाटलीनं दूध पाजत होती.

“किती झाली रे मेंढरं?” काहीतरी बोलायचं म्हणून मी लखनला विचारलं.

“आमी मोजत न्हाय, गुरुजी. नजर फिरीवली की कळतंय कोण आलं न्हाय ते.”

तो चहाचं बघायला गेला. मी प्रतिक्षाजवळ टेकलो. माफी मागायची ठरवून गेलो होतो, पण दहा वर्षांच्या पोरीची माफी कशी मागतात ते मला येत नव्हतं.

तीच म्हणाली, “गुरुजी, आजीनं सांगितलंय मला समदं. स्वरूपानं माझ्या नावानं काय वाचलं?”

तो उतारा मला पाठ झाला होता. मी म्हणून दाखवला.

“आमच्या रानात विहीर आहे. विहिरीवर चिंचेचं झाड आहे. दुपारी सगळे सावलीला बसतात. मग आम्ही पुन्हा कामाला लागतो.”

ती थोडा वेळ वाट बघत राहिली.

“फुडं?”

“पुढं नाही, बाळा. संपला.”

“येवढाच व्हता व्हय?” ती म्हणाली. बाटली रिकामी झाली होती. तिनं कोकराचं तोंड ओढणीनं पुसलं आणि त्याला त्याच्या आईकडं सोडलं.