नोह अनास्तासियाची खोली

२००१ सालच्या ऑक्टोबरातली ही गोष्ट. दक्षिण कोरियातल्या कुन्सान बंदरात तेव्हा जुना मासळीबाजार अजून उभा होता, टेकडीखालच्या चर्चची घंटा दोरी ओढून वाजवत असत, आणि मोबाईल फोन लोकांच्या खिशात नुकतेच आले होते. त्या काळी गावात कुणाकडे कार्य निघालं की एकच नाव घेतलं जाई, ते बिबियानाचं. पोराचा पहिला वाढदिवस असो, कुणाची साठी असो, नव्या दुकानाचं उद्घाटन असो, ‘बिबियानाला विचारलंत का?’ हा पहिला प्रश्न.

ती तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होती. ठेंगणी, पायांत कापडी बूट, चालणं असं की मागच्याला धावावं लागे. कोटाच्या एका खिशात मोजपट्टी आणि दुसऱ्यात जपमाळ. घाईत हात घातला की हटकून नको ते हाती येई. एकदा भर मिस्सेत गुडघे टेकून तिनं मोजपट्टी बाहेर काढली, तर शेजारची म्हणाली, “काय गं, देवाचं माप घेतेस की काय?”

तिच्या धंद्याचं एक गुपित होतं, आणि ते ती कुणालाही सांगून टाकी. पाहुणे तीनशे असतील तर खुर्च्या अडीचशेच मांडायच्या. लोक आले, उभे राहिले, की धावपळ करून वरच्या खुर्च्या आणायच्या. “खुर्ची कमी पडली की यजमानाची छाती फुगते,” ती म्हणे, “आणि रिकामी खुर्ची दिसली की भरल्या घरातसुद्धा कुणीतरी नाही असं वाटत राहतं.”

चर्चमध्येही तिचं बस्तान तसंच पक्कं होतं. ईस्टरची सजावट तिची, पॅरिशच्या सणाचं जेवण तिचं. पण तिचा जीव होता यॉन्दोत. कुणी गेलं की पॅरिशमधल्या दहाबारा जणांनी शवगृहात जायचं, तिथं प्रत्येक मयताला भेटीची एक खोली देतात, त्या खोलीत तसबिरीसमोर दोन रांगा करून बसायचं, आणि मेलेल्यासाठी प्रार्थना गायची. एक ओळ या रांगेनं उचलायची, दुसरी त्या रांगेनं. चाल जुनी, संथ, उखळात धान्य कांडताना बायका म्हणत तशी. पूर्ण गायला पाऊण तास लागतो. ही चाल बिबियानाला नोह अनास्तासिया आजीनं शिकवली होती.

बिबियानाची आई गेली तेव्हा तिला एक ओळही येत नव्हती. आजी शेजारी येऊन बसली, तिचं मनगट धरलं आणि बोटानं त्यावर ठेका देत पाऊण तास गात राहिली. आजी लढाईत उत्तरेकडून एकटी आली होती. नवरा, दोन मुलं, सगळं तिकडं राहिलं. पुढे चाळीस वर्षं तिनं चर्चची वस्त्रं धुतली, इस्त्री केली, आणि म्हातारपणी सिस्टरांच्या वृद्धाश्रमात राहिली. त्या वसंतात बिबियाना भेटायला गेली, तर आजी म्हणाली, “तू एवढ्यांची कार्यं उठवतेस. माझंही एक लिहून ठेव वहीत.”

“तारीख सांगा, आजी.”

“तारीख वरचा ठरवेल. तू एवढंच बघ, की पहिली ओळ तू उचलायचीस. आणि माझी खोली रिकामी दिसायला नको. मी किती मयतांना बसले, मोजलेलं नाही. पण मुलगा नसलेल्याच्या खोलीत लोक दारातून वाकून बघतात आणि कुणाला भेटायचं ते न कळून परत जातात. ते मी पाहिलंय.”

“खोली रिकामी दिसली तर मी धंदा सोडीन,” बिबियाना म्हणाली. दोघी हसल्या, पण तिनं ते खरंच वहीत लिहिलं.

आजी गेली ती नेमकी त्या शनिवारी, जेव्हा बिबियानाच्या डोक्यावर वर्षातलं सगळ्यात मोठं कार्य होतं. सोयासॉसच्या कारखान्याच्या मालकीणबाई, प्यॉन मॅडम, त्यांच्या सासूबाईंची सत्तरी. चारशे पाहुणे, पाच वाजताचा मुहूर्त. दुपारी दीड वाजता बिबियाना शिडीवर चढून पडदा बांधत होती आणि खाली फळांचे, तांदळाच्या वड्यांचे मनोरे रचले जात होते. तेवढ्यात फोन आला. यॉन्दोचे प्रमुख, तादेओकाका. पोस्टमन म्हणून निवृत्त झालेला माणूस, बोलणं तारेसारखं.

“आजी गेल्या. सकाळी. इस्पितळाचं शवगृह. ये.”

बिबियाना पडदा पुरा बांधून शिडीवरून उतरली. मदतनीस बाईंच्या हाती कार्यक्रमाचा कागद देऊन ती मॅडमपुढे उभी राहिली. “मॅडम, चार वाजेपर्यंत येते.”

“आज? आणि जायचंय कुठे?”

“एका मयताला.”

“अगंबाई! मयताला जाऊन माझ्या सासूबाईंच्या सत्तरीत पाय ठेवणार?”

“हात धुऊन ठेवीन,” बिबियाना म्हणाली आणि निघालीसुद्धा.

शवगृहाच्या दारात काका आणि यॉन्दोचे सात जण तिची वाट बघत भिंतीवरच्या फलकाकडे टक लावून उभे होते. फलकावर नोह आडनावाचे दोघं होते. पहिल्या मजल्यावर नोह ओक-जिन, दुसऱ्या मजल्यावर नोह पिल-नाम. अनास्तासिया कुठेच नाही. कशी असणार? बाप्तिस्म्याचं नाव सरकारी फलकावर येत नाही. आणि आमच्या चर्चमध्ये तर बाप्तिस्म्याच्या नावापलीकडे कुणाला कुणाचं नाव ठाऊक नसतं. बँकेत ‘मिन ग्यॉन्ग-ओक’ असा पुकारा झाला की खुद्द बिबियाना इकडेतिकडे बघे. आणि ज्यांनी आजीची नोंद केली होती त्या सिस्टर कागदपत्रांसाठी नगरपालिकेत गेल्या होत्या.

“पस्तीस वर्षं ओळखतो,” काका म्हणाले, “आणि नाव माहीत नाही. पोस्टमन ना मी!”

“त्यांना पत्र आलं असतं तर कळलं असतं,” बिबियाना म्हणाली. मग फलकाकडे बोट करून, “पिल-नाम हे बाप्यांचं नाव. म्हणजे आजी ओक-जिन. चला, वेळ नाही.”

पहिल्या मजल्यावरच्या खोलीत तसबीर अजून लागलेली नव्हती. पांढऱ्या शेवंतीच्या मधोमध जागा मोकळी, आणि कोपऱ्यात काळ्या सुटातला पन्नाशीचा एकच माणूस.

“हा कोण?” काका कुजबुजले.

“नगरपालिकेचा असेल. निराधारांसाठी पाठवतात ना.”

माणूस गडबडून उठला, वाकला. यांनीही नमस्कार केला, दोन रांगा धरल्या, आणि बिबियानानं पहिली ओळ उचलली. मनगटावर आजीचं बोट आहे असं समजून तिनं ठेका धरला. काळा सूटवाला आधी बावचळला, मग मांडी घालून बसला, आणि थोड्या वेळानं त्याचे खांदे हलू लागले. नगरपालिकेचा माणूस फारच हळवा दिसतो, असं बिबियानाला वाटलं.

वीसेक मिनिटं झाली असतील. ‘तुझी दासी अनास्तासिया’ असं रांग गात असताना दारातून दुसरा एक माणूस मोठी चौकट पोटाशी धरून आला आणि त्यानं ती शेवंतीत नीट उभी केली. तसबिरीत मोठ्या कानांचा, रुंद जबड्याचा, मासळीबाजाराची टोपी घातलेला एक म्हातारा मिस्कील हसत होता.

रांग अडखळली. कुणी खोकलं, कुणी पुस्तकात तोंड लपवलं. काकांनी डोळे मोठे करून बिबियानाकडे पाहिलं. तिच्या खिशात फोन थरथरत होता. वरच्या मजल्यावर आजीची खोली एकटी होती, आणि घड्याळ तीनाकडे चाललं होतं. उठावं, माफी मागावी, वर पळावं. सगळं तिच्या मनात येऊन गेलं. मग तिनं काळ्या सुटातल्या माणसाकडे पाहिलं. तो डोळे मिटून, हात जोडून बसला होता.

पुढची ओळ आली तशी तिनं स्वर जरा चढवला आणि गाऊ लागली: ‘तुझा सेवक ओक-जिन.’ क्षणभरानं समोरच्या रांगेनं तेच नाव उचललं. उरलेली सगळी प्रार्थना त्या अनोळखी म्हाताऱ्यासाठी, एकही ओळ न गाळता, पुरी झाली.

काळ्या सुटातला माणूस पुढे आला. त्याचं नाव नोह जोंग-ते. “बाबांचे चर्चमध्ये इतके मित्र होते, आम्हाला पत्ताच नव्हता. सुका मासा विकायचे. देवळात नाही की चर्चमध्ये नाही, कुठेच पाय टाकला नाही त्यांनी.”

आता खरं सांगणं आलं. बिबियानानं सांगितलं. नाव, फलक, वरची खोली, आजीला कुणी नाही, सगळं. तो ऐकत राहिला. “म्हणजे चुकून?”

“चुकून आलो,” बिबियाना म्हणाली, “पण गायलो ते चुकून नाही.”

जिन्यात काका धापा टाकत म्हणाले, “अगं, थांबायचं ना मध्येच!”

“काका, चुकीच्या मांडवात शिरलं तरी आहेर करूनच निघायचं असतं.”

फोन पुन्हा थरथरला. प्यॉन मॅडम. “सव्वातीन वाजलेत! मनोऱ्यांतला एक कललाय!”

“टेबलाच्या डाव्या पायाखाली पुठ्ठा घालायला सांगा, मॅडम. मला उशीर होईल. पाचाला कागदाप्रमाणे सुरू करा.”

“तू आली नाहीस तर पुढचं कार्य तुझं नाही, लक्षात ठेव. सासूबाईंच्या नातवाचं लग्न!”

बिबियानाचा पाय एका पायरीवर थांबला. त्या लग्नाची ती वर्षभर वाट बघत होती. “ठेवते लक्षात,” ती म्हणाली, आणि फोन बंद करून खिशात टाकला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं कार्याच्या दिवशी फोन बंद केला.

दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आजीचा फोटो होता, इस्त्री हातात घेतलेला. सिस्टरांनी दुसरा सापडला नाही म्हणून तोच लावला होता. समोर शवगृहाच्या लोकांनी रीतीप्रमाणे चाळीस आसनं अंथरून ठेवलेली, आणि माणूस एकही नाही. दारात दोन म्हाताऱ्या वाकून बघत होत्या आणि परतायच्या बेतात होत्या. आजी म्हणाली होती तस्संच.

“या, आजी, आत या,” बिबियाना म्हणाली, आणि कोट काढून कामाला लागली. “काका, आसनं उचला. बारा ठेवा, बाकी सगळी पडद्यामागे.”

“बारा? आणि आणखी कुणी आलं तर?”

“कमी पडू देत की.”

आसनं फोटोजवळ दाटीनं मांडली. नऊ यॉन्दोवाले, दोन म्हाताऱ्या. एक आसन उरलं. बिबियानाला ते डोळ्यांत खुपत राहिलं. तिथं बसायचा मान मुलाचा. आलेल्याचा नमस्कार घ्यायला कुणी नव्हतं. पण वेळ घालवून चालणार नव्हतं. तिनं पहिली ओळ उचलली.

चौथ्या ओळीला दार सरकलं. जोंग-ते होता, दंडावर सुतकाची पट्टी बांधलेला. त्याच्यामागे धाकटा भाऊ, दोन सुना, आणि मासळीबाजारातल्या, वडिलांसाठी आलेल्या पाचसहा बायका, अंगाला खाऱ्या वाऱ्याचा वास. जोंग-ते सरळ त्या रिकाम्या आसनापाशी गेला, फोटोला दोनदा वाकला, आणि तिथेच बसला.

“थोरला आहे बाबांपाशी,” तो हळूच म्हणाला. “तुम्ही पाऊण तास दिलात. आम्ही एक मुलगा उसना देतो.”

“सुतकातल्या माणसानं दुसऱ्या मयताला बसू नये म्हणतात,” मघाच्या म्हाताऱ्यांपैकी एक पुटपुटली.

“दोन्हीकडे नोहच ना, आजी. एकाच घरचं सुतक समजा.”

यॉन्दोत बोलू नये, पण तादेओकाकांना राहवेना. “कुठले नोह तुम्ही?”

“काका!” बिबियाना म्हणाली. “ओळ तुमची आहे.”

आसनं कमी पडली. बाजारच्या बायका उभ्याच होत्या. एक जण पडद्यामागे जाऊन काखेत चार आसनं घेऊन आली, मग दुसरी गेली. तेवढ्यात सिस्टर कागद घेऊन आल्या, तर त्यांनाच बसायला जागा नव्हती. बिबियाना गात होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण सवयीनं तिची नजर खोलीभर फिरलीच. कुठेही फट नव्हती.

प्रार्थना संपल्यावर ती सिस्टरांच्या हातातल्या कागदावरच्या नावाकडे बोट दाखवत म्हणाली, “पिल-नाम! असलं नाव बाईचं असतं का?”

“सहावी मुलगी होत्या त्या,” सिस्टर म्हणाल्या. “बापानं नाव ठेवलं पिल-नाम, म्हणजे ‘पुढचा नक्की मुलगा’.”

मग जोंग-ते आजीच्या फोटोकडे बघून म्हणाला, “आला की. जरा उशिरा.”

पुढच्या गोष्टी थोडक्यात. बिबियाना त्या दिवशी सत्तरीला साडेपाचला पोचली. कार्यक्रम कागदाप्रमाणे चालू होता, मनोरा पुठ्ठ्यावर उभा होता, सासूबाई खुशीत होत्या. तरी नातवाचं लग्न तिला मिळालं नाही ते नाहीच. प्यॉन मॅडमनी बोलल्याप्रमाणे केलं. पण सहा वर्षांनी त्यांच्या सासूबाई वारल्या, तेव्हा सकाळी सातला मॅडमचाच फोन आला. “आमच्याकडे प्रार्थनाबिर्थना नको. पण तू ये. खोली फार मोठी दिसतेय.” बिबियाना गेली, आसनं कमी करून आली. मॅडम आता लेकीकडे पुसानला असतात आणि नाताळाला न चुकता कार्ड पाठवतात.

आजी टेकडीमागच्या पॅरिशच्या दफनभूमीत आहे. खांदा द्यायला तीन नोह भाऊ होते.

जोंग-ते दोन वर्षांनी बाप्तिस्मा घ्यायला आला. फादरनी कुठलं नाव हवं विचारलं, तर म्हणाला, बायबलात वाटेनं चाललेला असताना ज्याच्या खांद्यावर दुसऱ्याचा क्रूस ठेवला त्याचं. तेव्हापासून तो सिमोन. त्याचा आवाज बेसूर आहे, पण कुणाला मुलगा नसला की त्या आसनावर सिमोन बसतो. आजवर किती जणांचा मुलगा झाला, तो सांगत नाही.

तादेओकाका २००९ साली गेले. त्यांची पहिली ओळ बिबियानानं उचलली.

तिनं २०१६ साली धंदा मदतनीस बाईंच्या हवाली केला. गुडघे गेलेत, यॉन्दोला आता ती भिंतीकडच्या खुर्चीवर बसते आणि तिथूनच आसनं मोजते. पॅरिशच्या कचेरीत तिनं सुरू केलेली वही अजून आहे. एका रकान्यात बाप्तिस्म्याचं नाव, दुसऱ्यात सरकारी. सगळ्यांत वरची नोंद तिच्या हातची आहे: अनास्तासिया, नोह पिल-नाम. आणि पुढे दोनदा अधोरेखित केलेला एकच शब्द: स्त्री.