लाल ठिपक्याचा पेला

मी एक जुना स्टीलचा पेला, मित्रांनो. भाईंदरच्या एका गाळ्यात जन्मलो. तिथे कामाला असलेल्या महिपतने पॉलिशच्या मशीनवर मला असं चकाकवलं, की त्याचं तोंड माझ्यात दिसलं. त्याच्या धाकट्या भावाने, रोहितने, पूनम सागर सोसायटीत घर घेतलं, तेव्हा आम्ही सहा पेले तिथे भेट म्हणून आलो. महिपतही तिथेच राहायचा. रोहितची बायको नीलिमा पाहुण्यांपुढे मिरवायची, "आमच्या दादांच्या हातचे आहेत हां!"

मग महिपतचा एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. दुसऱ्याच दिवशी बाईसाहेबांनी माझ्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला आणि मला महिपतचा वेगळा पेला म्हणून खिडकीच्या ग्रिलमध्ये, फिनेलच्या बाटलीशेजारी बसवलं. बारावी सायन्स झालेली बरं का! दवाखान्यातल्या मॅडमनी समोर बसवून सांगितलं, की पेल्याने, ताटाने, सोबत जेवल्याने हा आजार पसरत नाही. हिने मान डोलावली आणि घरी येऊन ठिपका आणखी गडद केला. पालथ्या घड्यावर पाणी!

महिपत मात्र नेमाचा. रोज संध्याकाळी आठला माझ्यातल्या पाण्याने गोळी घ्यायचा. वजन वाढलं, काम सुरू झालं, तपासणीत विषाणू दिसेनासा झाला. पण जेवायला एकटाच, पॅसेजमध्ये.

परवा घरी सत्यनारायण होता. रत्नागिरीहून दोघा भावांची आई, शेवंतीबाई, आली होती. महिपत नवा शर्ट घालून पंगतीला बसायला आला, तर नीलिमा हळूच म्हणाली, "दादा, तुमचं ताट आत देते. सोसायटीतली लोकं आहेत ना." आणि रोहित? तो शेळपट मोबाईलमध्ये बघत होता!

महिपत आत गेला. आठ वाजले. त्याने गोळी हातात घेतली आणि परत डबीत टाकली. "कोणासाठी जगायचं?" म्हणाला. त्या गोळीवरच तर तो उभा होता.

दारात शेवंतीबाई होती. तिने डबीसकट मला उचललं, महिपतला दंडाला धरून पंगतीत आणलं, मला भरलं, अर्धं पाणी स्वतः पिऊन मला त्याच्यापुढे धरलं. "घे गोळी."

नीलिमा किंचाळली, "अहो आई, तो त्यांचा पेला आहे!"

"मग? माझ्याच पोराचा ना? आणि तुझे पाहुणे सरबत पितायत ते पेले कोणी चकाकवले, सांग की त्यांना!"

महिपतने गोळी गिळली आणि आईशेजारी जेवायला बसला. त्याला दोनदा भात वाढला तिने.

पाहुणे गेल्यावर म्हातारीने नीलिमाची नेलपॉलिश मागून घेतली आणि उरलेल्या पाचही पेल्यांना लाल ठिपका लावला. "आता ओळख कुठला कोणाचा."

मित्रांनो, पेले घासा, विसळा, पण माणसाला ठिपका लावू नका. मी आता मांडणीवर आहे. नीलिमाला तहान लागली, की ती आम्हा सहांकडे बघत उभी राहते. राहू दे उभी. महिपत मात्र हाताला येईल तो पेला घेतो आणि आठची गोळी घेतो.