झीलकऱ्याचं नाव

आटपाडीकडच्या बिराप्पा मेटकरीनं चाळीस वर्षं धनगरी ओव्या गायल्या आणि एकच चूक केली. देवासमोर स्वतःचं नाव घेणं त्याला उद्धटपणाचं वाटे. म्हणून ओवीच्या शेवटी तो आपल्या झीलकऱ्याचं, नानासोचं नाव घालायचा. नानासोचं काम मागं उभं राहून ओळीचं शेपूट धरण्याचं. जत्रेत आपलं नाव ऐकलं की त्याची छाती फुगायची, आणि बिराप्पाचा गडी फुकटात खूश राहायचा.

बारा वर्षांपूर्वी फ्रान्सहून एक बाई आली होती. या ओव्या रेकॉर्ड करायला तिच्या सरकारनं तिला दोन वर्षं पोसलं होतं. तिकडं म्हणे दोन कामांच्या मधे रिकाम्या बसलेल्या कलाकारालाही सरकार पैसे देतं. मग आमचं निम्मं गाव तिकडं कलाकारच ठरंल, असं बिराप्पा तिला म्हणाला होता.

आपलं सरकार त्या मानानं धोरणी. ते कलावंताचा गळा बसेपर्यंत थांबतं आणि मग मानधन देतं. यंदा बिराप्पाचा गळा पुरेसा बसला होता. दम्याचा पंप महिन्याच्या महिन्याला लागत होता आणि मुलगा तो दोन महिन्यांतून एकदा आणत होता. मानधन मिळालं तर पंपासाठी कुणाचं तोंड बघायला नको. गावातून एकाचंच नाव पुढं जाणार होतं. पुरावा म्हणून बाईनं पाठवलेलं रेकॉर्डिंग आणि साक्षीला नानासोला घेऊन बिराप्पा सांगलीला समितीपुढं गेला. एसटीची दोन्ही तिकिटं बिराप्पानं काढली.

अध्यक्षांनी मोबाइलवर ओवी लावली आणि शेवट ऐकून विचारलं, यातला नानासो कोण?

बिराप्पानं सगळी रीत समजावली. आपल्या गाण्यात दुसऱ्याचं नाव कोण घालतो, म्हणून समिती हसली. ओवी कुणाची, असं त्यांनी साक्षीदारालाच विचारलं.

नानासोनं टोपी सारखी केली. "नाव तर माझंच हाय, सायेब."

"दम लागंल, पर गाऊन दावतो," बिराप्पा म्हणाला.

"आजोबा, इथं कागद तपासतात. अजून साठ प्रकरणं आहेत," अध्यक्ष म्हणाले.

अर्जावरचं नाव खोडून नानासोचं घातलं आणि त्याचं मानधन मंजूर झालं. बिराप्पाला कारकुनानं पुढच्या वर्षी अर्ज करा म्हणून सांगितलं, मात्र सोबत मानधनधारक कलावंताची शिफारस हवी. आसपासच्या गावांत असा कलावंत एकच होता.

वर्षभरानं बिराप्पा त्याच्या दारात गेला. नानासोनं त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि सून स्वप्नालीला पत्र लिहायला बसवलं. लिहून झाल्यावर तिनं वाचून दाखवलं. बिराप्पा मेटकरी हे चाळीस वर्षे माझ्या मागे उभे राहून झील धरीत होते.

"उलटं झालं की रं," बिराप्पा म्हणाला.

"सुलटं लिवलं तर माझं बंद हुईल. मग तुला शिफारस देणार कोण?"

हिशोबात चूक नव्हती. नानासोनं सहीसाठी पेन उघडलं. बिराप्पाला धाप लागली होती, ती हळूहळू बसली. मग बिराप्पा सुनेकडं वळला.

"पोरी, चाळीस नगं. बेचाळीस लिव. वर्षं जास्त असली की लवकर हुतंय म्हणं."