भोंगा वाजला होता का?

उद्याच्या इतिहास परिषदेत बाईंची खरडपट्टी निघणार होती, आणि काढणारा त्यांच्याच हाताखाली शिकलेला. गोदीतल्या गोळीबारावर बाईंनी ऐन तिशीत पुस्तक लिहिलं होतं. सरकारी अहवालाच्या भरवशावर त्यांनी त्यात म्हटलं होतं की आधी इशाऱ्याचा भोंगा वाजला. पळायला वेळ होता, तरी कामगार जागचे हलले नाहीत. त्या एका वाक्यावर बाईंचं नाव झालं. ते शाळेच्या धड्यात गेलं, स्मारकावर कोरलं गेलं. आता शिष्योत्तमाने शोधून काढलं होतं की गोदीची वीज त्या दिवशी पहाटेच तोडली होती. भोंगा वाजलाच नाही, न सांगतासवरता गोळ्या घातल्या, आणि बाईंच्या पुस्तकाने मारणाऱ्यांना आयती पळवाट दिली.

"गुरूची विद्या गुरूला," बाईंचा नवरा चहा पिता पिता म्हणाला, आणि बाईंनी डोळे वटारताच कपात तोंड घालून बसला.

शिष्याचा लेख बाईंनी पुन्हा पुन्हा चाळला. मेल्याने खोट काढायला जागाच ठेवली नव्हती. बुडत्याला काडीचा आधार, तशी त्यांना मावशी आठवली. काका त्या गोळीबारात गेले, तेव्हा ती त्यांचा डबा घेऊन गोदीच्या फाटकाशी उभी होती. घरच्याच माणसाची साक्ष काढली असं कुणी म्हणायला नको, म्हणून पुस्तक लिहिताना बाईंनी तिला मुद्दाम काही विचारलं नव्हतं.

बाई तिच्या घरी गेल्या तेव्हा मावशी खिडकीशी वाटाणे सोलत होती. कपाटावर काकांचा फोटो नेहमीसारखा भिंतीकडे तोंड करून होता. धूळ बसू नये म्हणून असेल, असं बाई समजत. त्यांनी मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं.

"मावशी, तेव्हा भोंगा वाजला होता ना गं?"

"वाजला म्हणजे? कानठळ्या बसल्या! घड्याळाच्या मनोऱ्यावरची कबुतरं भर्रकन उडाली."

बाईंचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच पुन्हा वर आला. गोदीत घड्याळाचा मनोरा कधीच नव्हता. तो होता पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, कबुतरांसकट. गोदीचा फोटो मिळेना म्हणून प्रकाशकाने भलत्याच शहराचा छापला होता. मावशीला आठवत होतं ते बाईंचं पुस्तक.

कबुतरांच्या आधी कापलं की झालं, बाईंच्या मनात आलं. कोण विचारतंय!

"एक विचारू, ठमे?" मावशीचे हात थांबले. "भोंगा ऐकून हे का नाही पळाले? पोरं लहान, मी समोर उभी. लोक म्हणतात, शूर होते. असतील. मला रागच येतो. तुझं पुस्तक वाचल्यापासून यांचं तोंड बघवत नाही मला."

बाईंनी कपाटावरच्या फोटोकडे पाहिलं.

"मावशी, भोंगा वाजला नव्हता," त्या कशाबशा म्हणाल्या. "माझं चुकलं."

"म्हणजे यांना कळलंच नाही?"

"कुणालाच कळलं नाही गं."

मावशी उठली. तिने फोटो सरळ केला आणि बाहीने काच पुसली. "इतकी वर्षं उगाच बोलले हो तुम्हाला," ती फोटोला म्हणाली. मग नाक पुसत बाईंकडे वळली.

"उद्या तिथे मोठ्याने सांग, ठमे. बाकीच्यांच्या बायकाही अजून रागावून बसल्या असतील."