सात ग्लास पाणी आणि सोनोग्राफी

चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलं होतं: उपाशीपोटी यायचं, तासभर आधी चार ग्लास पाणी प्यायचं आणि लघवी रोखून धरायची. थोरल्या जाऊबाई सात ग्लास प्यायल्या. चार ग्लास किरकोळ माणसांसाठी, असं त्यांचं मत. आणि दोघी जावा या घरात नांदायला आल्यापासून एकीने घोट घेतला आणि दुसरी कोरडी राहिली असं कधी घडलं नव्हतं, म्हणून धाकटीही सात प्यायली. तिच्या पोटात काय आहे हे कुणालाच बघायचं नव्हतं. पण तिला सांगणार कोण?

थोरलीच्या उजव्या बरगडीखाली तीन महिने दुखत होतं. डॉक्टरांनी पोट चाचपलं, "सोनोग्राफी करून घ्या" म्हणाले, आणि त्या दिवसापासून घरात 'गाठ' हा शब्द बंद झाला. पिशवीचं तोंड बांधायचं असलं तरी सून म्हणायची, "आई, ते दोरीचं तेवढं करता का?" थोरलीला सगळं कळत होतं. तपासणारी डॉक्टरीण बाराला निघणार, आणि पुढे दहा दिवस रजेवर. आज राहिलं, तर तो शब्द आणखी दहा रात्री उशाशी घेऊन झोपायचं. थोरलीला ते मंजूर नव्हतं.

साडेदहाला दोघी जावा आणि सून, अशा तिघी बाकावर बसल्या. नंबर नववा, आत चौथा. तेवढ्यात स्ट्रेचरवरून एक कण्हणारा गडी आला आणि सगळ्यांच्या आधी आत गेला.

"त्याला काय झालंय?" थोरली म्हणाली. "ओरडायला अंगात ताकद आहे की चांगली!"

"आई, हळू बोला."

"हळूच बोलतेय. जोरात बोलले तर काय होईल ते तुला पुसावं लागेल."

समोर माशांची काचपेटी होती. आणि कुठल्या दीडशहाण्याने त्या पेटीत कारंजं बसवलं होतं देव जाणे. बुडबुड, झुळझुळ, थेंब थेंब. बाकावरची आठ माणसं पायावर पाय आवळून छताकडे बघत होती. एक जाडजूड गृहस्थ तर भिंतीकडे तोंड करून उभे होते, शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

धाकटी काचपेटीकडे एकटक बघत होती. मग तोंडाला पदर लावून पुटपुटली, "जाऊबाई, मासे सुखी बघा. बसल्या जागी उरकतात, कुणाला पत्ता नाही."

झालं. थोरलीच्या पोटातून हसू उसळलं ते थेट धोक्याच्या जागी जाऊन आदळलं.

"गप बस, मेले!" तिने बाकाची कड घट्ट धरली. "आत्ता सुटली तर बारा वाजतील माझे."

"मी कुठे हसतेय?" धाकटीचे खांदे गदगदत होते.

"तू उठ. लांब जाऊन बस. तुझं थोबाड दिसलं तरी मला हसू येतंय."

धाकटी उठली, दोन पावलं टाकली, आणि बदकासारखी जागीच थबकली. "जाऊबाई, चालवत नाही हो." ते ऐकून भिंतीकडचे गृहस्थच फिस्सकन हसले आणि गुडघे जुळवत सरळ संडासाकडे पळाले. काउंटरवरच्या मुलीने हताशपणे त्यांचा कागद मागे सरकवला. "काका, आता पुन्हा पाणी प्या!"

एक नंबर कमी झाला. थोरलीला त्या माणसाबद्दल एकदम माया वाटली.

पावणेबाराला तिची हाक आली. अंधारी खोली, कागद अंथरलेली खाट, आणि पोटावर गारेगार चिकट ओघळ. डॉक्टरीण सुनेच्या वयाची. यंत्राचा दांडा बरगडीखाली फिरू लागला तशी थोरलीला गुदगुली झाली, आणि बाहेर दाबून ठेवलेलं सगळं हसू आत फुटलं.

"आजी, हसू नका. चित्र हलतंय."

"मी नाही हसत, बाई. पोट हसतंय."

डॉक्टरीणही हसली. मग अचानक हसायची थांबली. दांडा एकाच जागी रुतला. काळ्या-करड्या पडद्यावर पांढरा ठिपका दिसत होता. थोरलीचं हसू कुठल्या कुठे पळालं.

"तेच का?" तिने विचारलं.

"डाव्या कुशीवर वळा. श्वास घ्या, धरून ठेवा. हा ठिपका चिकटलेला असेल तर जागचा हलणार नाही, आणि खडा असेल तर घरंगळेल."

थोरली वळली. श्वास धरला, पाणी धरलं, सगळं धरलं. पडद्यावरचा ठिपका थरथरला आणि टुणकन खाली घरंगळला. त्याच्यामागून आणखी एक.

"खडे आहेत, पित्ताशयात. दोन. बाकी गाठबिठ काही नाही. आता खाली लघवीची पिशवी बघते, मग सुटलात."

दांडा ओटीपोटावर दाबला गेला तेव्हा थोरलीने छताला उद्देशून जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सुटका झाल्यावर ती पदर सावरायला थांबली नाही. सून "आई, काय झालं?" करत मागे, ही पुढे. संडासाचं दार बंद.

"कोण आहे आत?"

"मी," धाकटीचा आवाज आला. "नाही राहवलं हो."

"अगं, गाठ नाहीये! खडे आहेत, खडे!"

आतून हमसून हमसून रडणं.

"बाहेर येऊन रड, मेले!" थोरली दारावर दोन्ही हातांनी थापा मारत खदखदत होती. "आधी कडी काढ!"